घरात डिमेन्शियाचं माणूस असेल तर सांभाळणाऱ्याला सरकारकडून काय मिळतं? (सोलापूर)

जुळे_सोलापूरची_सून
नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावरच येते. सासऱ्यांना अल्झायमर आहे (आठवण आणि भान जाण्याचा आजार, डिमेन्शियाचाच एक प्रकार), वय ७६. मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर कुठं सूतगिरणी कुठं वॉचमन असं करत रिटायर झाले. पीएफची पेन्शन येते पण त्यात त्यांच्या गोळ्यासुद्धा भागत नाहीत. नवरा अक्कलकोट रोड एमआयडीसीत, पाळ्या असतात, त्यामुळं दिवसरात्र मीच. शिकवण्या घेत होते त्या बंद केल्या कारण मुलं आली की मामंजी दार उघडं बघून बाहेर पडायचे. पहाटे चारला उठतात, शर्टाची बटणं खालीवर लावतात आणि डबा मागतात, भोंगा झाला म्हणतात, पहिली पाळी चुकली तर मुकादम खाडा लावेल म्हणतात. मिल बंद पडून किती वर्षं झाली ते सांगायच्या भानगडीत आम्ही पडत नाही, डबा देतो, गॅलरीत बसवून चहा देतो, की शांत होतात.

आता विचारायचं ते हे. सत्तरीच्या पुढच्यांचं वय वंदना कार्ड काढलं, ५ लाखाचं. पण ते अ‍ॅडमिट असतील तरच. आमचं माणूस अ‍ॅडमिट होण्यासारखं आजारी नाहीच, अंगानं ठणठणीत आहे, तोच तर प्रॉब्लेम आहे. खर्च होतो तो डायपरचा, गोळ्यांचा, आणि बाई ठेवली तर बाईचा, १२ तासाचे महिन्याला १५-१८ हजार सांगतात इथं. यातल्या कशाला सरकारची एखादी योजना आहे का? आणि दिवसभर सांभाळणाऱ्यासाठी म्हणून काही आहे का? तहसीलला विचारलं तर समोरच्यानं विचारलं डिमेन्शिया म्हणजे काय.

शेंगा_चटणी
ताई थेट उत्तर, सांभाळणाऱ्यासाठी महाराष्ट्रात शून्य. बाकी पेशंटच्या नावावर थोडं थोडं निघतं, जाणकार सांगतीलच.

गड्ड्यावरचा_भटक्या
कुणाला राग येईल पण बोलतो. म्हातारपणी विसरणं हे आधीपण होतंच की, आमच्या आजीला शेवटची पाच-सहा वर्षं काही कळत नव्हतं, घरच्यांनी सांभाळली, कुणी सरकारकडं पैसे मागायला गेलं नाही. आईबापाची सेवा करायला पण अनुदान पाहिजे म्हणजे कमाल झाली. उद्या पोरं सांभाळायचे पण मागा.

जुळे_सोलापूरची_सून
@गड्ड्यावरचा_भटक्या दादा, "घरच्यांनी" म्हणजे नक्की कुणी? तुम्ही आजीचं लुगडं बदललं होतं का तुमच्या आईनं?

शेंगा_चटणी
😂 विषय संपला

गड्ड्यावरचा_भटक्या
आईनंच. बरोबर आहे ताई. पण तेव्हा घरात अकरा माणसं होती, वाड्यात शेजारी होते, आजी बाहेर पडली तरी बाळीवेसपर्यंत कुणीतरी हात धरून परत आणायचं. आता टू बीएचकेत तुम्ही एकट्या. ते मान्य आहे. तरी सरकार प्रत्येक घरात पैसे कुठून देणार हा माझा प्रश्न आहेच.

मानसोपचार_पीजी
सोलापूरचाच आहे, सध्या सायकियाट्रीत रेसिडेंट, गाव सांगत नाही. दोन गोष्टी.

पहिली, हे फक्त "म्हातारपण" नाही. २०२३ मध्ये आलेल्या लासी-डॅड नावाच्या देशभरातल्या डिमेन्शियाच्या अभ्यासात ६० च्या पुढच्या लोकांत ७.४ टक्के, म्हणजे देशात साधारण ८८ लाख माणसं डिमेन्शियाची असावीत असा अंदाज काढलाय, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. आणि घरात कुणी विसरायला लागलं की थेट अल्झायमर म्हणून सोडून देऊ नका. बी-१२ कमी असणं, थायरॉईड, डिप्रेशन, पडल्यावर डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त, यांनीसुद्धा असंच चित्र दिसतं आणि यातलं बरंचसं सुधारतं. एकदा रक्त आणि स्कॅन झालंच पाहिजे.

दुसरी गोष्ट तुमच्या कामाची. दिव्यांग प्रमाणपत्र काढा. लोकांना वाटतं दिव्यांग म्हणजे हातपाय. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, डिमेन्शिया नावानं वेगळा नाही, पण त्यात "मानसिक आजार" आहे आणि त्याच्या व्याख्येत विचार, मूड यांच्याबरोबर दिशाभान (वेळ-जागेचं भान) आणि स्मरणशक्ती हे शब्द स्पष्ट लिहिलेत. मोजायला आयडियाज नावाची स्केल वापरतात, त्यात चार भाग: स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. स्वावलंबन म्हणून दिव्यांग प्रमाणपत्राचं सरकारी पोर्टल आहे, त्यावर अर्ज करायचा, मग सिव्हिलला बोलावतात, कोणत्या वारी मानसिक आजाराचे डॉक्टर बोर्डाला बसतात ते आधी विचारूनच जा, रिक्षाचे पैसे वाया घालवू नका. ४० टक्के किंवा जास्त आलं तरच पुढचे फायदे.

एक कळकळीची सूचना. बोर्डासमोर नातेवाईक पेशंटला इस्त्रीचे कपडे घालून, दाढी करून आणतात आणि "तसे चांगले आहेत हो" म्हणतात. पेशंटपण पाच मिनिटं एकदम व्यवस्थित बोलतो, पाहुण्यांसमोर बोलतात तसं. डॉक्टर समोर दिसेल तेच लिहिणार. अंघोळ कोण घालतं, संडासचं भान आहे का, रात्री किती वेळा उठतात, घरचा पत्ता सांगता येतो का, हे कागदावर लिहून न्या आणि लाजू नका.

पूर्वभाग_अण्णा
डॉक्टर साहेबांनी बरोबर सांगितलं पण आमचा एक वेगळाच घोळ झाला तो लिहितो, पूर्व भागातल्या बऱ्याच घरात होत असणार. आई जन्मभर विडी वळली, शाळेत गेलीच नाही, घरात आम्ही तेलुगू. बाहेर मराठी फाडफाड बोलायची, कारखान्यात, बाजारात. आजार वाढला तसं मराठी गेलं, आता फक्त तेलुगू, तेपण लहानपणाचं. तपासायला नेलं (कुठं ते जाऊदे) तर तिथल्या मॅडमनी मराठीत विचारलं आज वार कोणता, १०० मधून ७ वजा करा. अवो जिला कधी वजाबाकी शिकवलीच नाही ती काय सांगणार? सगळ्यात फेल. दुसऱ्या ठिकाणी तेलुगू येणारी सिस्टर होती, तिनं विचारलं तर निम्मी उत्तरं बरोबर आली. म्हणजे आजार होता पण त्या कागदावर होता तेवढा नव्हता.

आणि कुणाच्या घरी विडी वळणारी म्हातारी असेल तर एक सांगतो. आईची बोटं दिवसभर हलायची, साडीचा पदर गुंडाळायची सोडायची, ओढून दोरे काढायची. बायकोनं सुपात जुन्या वहीची पानं कात्रीनं पानाच्या मापात कापून दिली, सोबत दोऱ्याचं रीळ. मांडीवर सूप घेऊन तासतासभर बसते, कागदाच्या विड्या वळते, पंचवीसची जुडी बांधते, आणि संध्याकाळी माल कुठं टाकायचा विचारते. आम्ही घेऊन जातो आणि सकाळी उलगडून परत देतो. गोळीनं जे झालं नाही ते यानं झालं.

मानसोपचार_पीजी
@पूर्वभाग_अण्णा एकदम बरोबर पकडलंत. न शिकलेल्या माणसांसाठी वेगळ्या चाचण्या आहेत, आणि आयसीएमआरनं (केंद्राची वैद्यकीय संशोधन संस्था) डिमेन्शियाच्या चाचण्यांचा जो संच केला तो तेलुगू आणि कन्नडमध्येपण आहे. सोलापुरात तर दोन्ही लागतात. पुढच्या वेळी आधीच सांगा की पेशंट तेलुगू बोलतो आणि शाळा झालेली नाही. विड्यांचं ऐकून बरं वाटलं, आमच्या पुस्तकात याला मोठं नाव आहे पण तुमच्या बायकोनं पुस्तक न वाचता केलं.

करसल्लागार_काका
आता पैशाचं बोलू. प्रमाणपत्र हातात आलं की काय काय होतं ते जमेल तसं सांगतो.

गरीब घर असेल तर तहसीलला संजय गांधी निराधार, ६५ च्या पुढं असेल तर श्रावणबाळ. साधे १५०० महिना, दिव्यांगांना २०२५ मध्ये वाढवून २५०० केले. पण उत्पन्नाची अट बघा, साध्या अर्जदाराला कुटुंबाचं वर्षाचं २१ हजार, दिव्यांगाला ५० हजार. वर्षाचं बरं का, महिन्याचं नाही. एमआयडीसीत नोकरी करणारा मुलगा असेल तर दाखला मिळणारच नाही, म्हणजे ताई तुम्ही यातून बाद. मुख्यमंत्री वयोश्री ही दुसरी, ६५ पूर्ण आणि उत्पन्न २ लाखाच्या आत, एकदाच ३००० रुपये खात्यात, चष्मा, वॉकर, कमोड खुर्ची असल्या वस्तूंसाठी. डायपर त्यात नाही.

नोकरदारांना मात्र इन्कम टॅक्समध्ये चांगली सोय आहे आणि निम्म्या लोकांना माहीत नाही. ८० डीडीबी या कलमामध्ये आजारांची जी यादी आहे त्यात डिमेन्शिया नाव घेऊन लिहिलाय, अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त पाहिजे, न्यूरॉलॉजिस्टचं प्रिस्क्रिप्शन लागतं, ज्येष्ठ नागरिकाच्या उपचाराला झालेला खर्च १ लाखापर्यंत वजा. त्याशिवाय ८० डीडी, अवलंबून असलेल्या दिव्यांग आईवडिलांसाठी ७५ हजार, आणि अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. हे ८० डीडी खर्च किती झाला त्यावर नाही, ठोक आहे. पण दोन्ही जुन्या कररचनेतच. नवीन घेतली की दोन्ही गेलं. इन्कम टॅक्सच्या नवीन कायद्यात कलमांचे आकडे बदललेत त्यामुळं सीएला विचारताना आजाराचं नाव सांगा, आकड्यावर अडून बसू नका. ज्याचा टॅक्सच बसत नाही त्याला याचा शून्य उपयोग, हेपण खरं.

जुळे_सोलापूरची_सून
म्हणजे बघा काका, फार गरीब असेल तर २५०० आणि टॅक्स भरण्याइतकं कमावत असेल तर सूट. आम्ही मधले. 🙏 तरी प्रमाणपत्र काढणारच, पुढं कधी काय निघेल सांगता येत नाही.

कोची_ते_सोलापूर
नोकरीमुळं केरळात आहे, सोलापूरची आठवण आली की हा ग्रुप वाचते. इथलं सांगू का? इथं "आश्वासकिरणम" म्हणून योजना आहे, पूर्णवेळ माणूस लागतो अशा रुग्णाला सांभाळणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये. पेशंटला नाही हां, सांभाळणाऱ्याला. ६०० म्हणजे काहीच नाही, मान्य. पण सरकारी कागदावर "सांभाळणारी" असा एक लाभार्थी आहे. आणि २०१४ मध्ये "स्मृतिपथम" नावानं डिमेन्शियासाठी राज्याचा कार्यक्रम सुरू केला, त्यात दिवसभर ठेवायचं केंद्र आणि कायम राहायचं केंद्र दोन्ही. शिवाय अंथरुणाला खिळलेल्यांकडं पंचायतीची नर्स घरी येते, ते तर २००८ च्या धोरणापासून आहे. माझ्या शेजारच्या आजींकडं येते, बेडसोअर बघते, सुनेला कूस कशी बदलायची शिकवते. त्या शिकवण्याचं मोल ६०० पेक्षा जास्त आहे असं मला वाटतं.

शेंगा_चटणी
केरळ लांब राहिलं, आपल्या शेजारी बघा. कर्नाटकनं २०२४-२५ च्या बजेटमध्ये सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिसच्या पेशंटला सांभाळणाऱ्यांना १००० रुपये महिना जाहीर केले. त्यातपण डिमेन्शिया नाही, पण सांभाळणारा आहे. म्हणजे विजापूरला जे सुचलं ते आपल्याला सुचत नाही. (विजापूर म्हणजे बेंगळुरू समजून घ्या 😄)

पुण्यातला_सोलापूरकर
बहीण अमेरिकेत नर्स आहे, तिच्याकडून ऐकलेलं. तिकडं मेडिकेअरनं (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा) १ जुलै २०२४ पासून गाईड नावाचं मॉडेल चालू केलंय, ८ वर्षं चालवून बघणार आहेत. डिमेन्शियाच्या पेशंटला आणि घरच्याला मिळून एक ठरलेला माणूस देतात जो डॉक्टर, औषध, योजना सगळं जुळवून देतो, अडचण आली तर २४ तास फोन, आणि आजार बऱ्यापैकी वाढलेला असेल तर सांभाळणाऱ्याला विश्रांती मिळावी म्हणून वर्षाला २५०० डॉलरपर्यंत. ते पैसे घरच्यांच्या हातात देत नाहीत, त्या पैशात कुणीतरी येऊन बसतं किंवा पेशंट काही तास सेंटरला जातो. नर्सिंग होममध्ये राहणाऱ्यांना हे लागू नाही, घरी राहणाऱ्यांनाच. त्यामागं हिशोब सरळ आहे, घरचा माणूस थकून कोलमडला की पेशंट नर्सिंग होमला जातो आणि सरकारचा खर्च वाढतो. आपल्याकडं नर्सिंग होमचा खर्च सरकारवर पडतच नाही, म्हणून सून कोलमडली तरी कुणाच्या बजेटला धक्का लागत नाही.

गड्ड्यावरचा_भटक्या
हा शेवटचा मुद्दा मला पटला. सेवा वगैरे मी म्हणालो ते बाजूला ठेवा, पैशाचा हिशोबच असा आहे की फुकटात करणारं घरात कुणीतरी आहे.

जुळे_सोलापूरची_सून
मला कुणी विचारलं ना, ६०० पाहिजेत का २५००, तर मी म्हणेन काहीच नको, आठवड्यातून दोन दिवस चार-चार तास त्यांना सुरक्षित बसवता येईल अशी जागा द्या. मला बँकेत जायचं असतं, स्वतःचे दात दाखवायचे असतात, माहेरी आई आजारी आहे. पैसे दिले तर घरातले म्हणणार आता तर तुला पैसेपण मिळतात, मग कुठं चाललीस. विरंगुळा केंद्र आहे आमच्याकडं, चांगलं आहे, पेपर, कॅरम. पण ते म्हणतात स्वतःचं स्वतः करता येणारे पाहिजेत, हरवले तर जबाबदारी कोण घेणार. त्यांचंपण चूक नाही, तिथं एकच शिपाई आहे. एक ट्रेनिंग घेतलेली बाई आणि दाराला नीट कडी, एवढ्यावर तीच खोली चालेल की दुपारच्या वेळी, जेव्हा तसंपण कुणी नसतं.

मानसोपचार_पीजी
केंद्राचा एनपीएचसीई म्हणून ज्येष्ठांच्या आरोग्याचा कार्यक्रम २०१०-११ पासून आहे, जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांची ओपीडी, १० खाटांचा वॉर्ड वगैरे त्यात येतं. सगळं खाटांवर आणि ओपीडीवर. घरी सांभाळणाऱ्याला दोन तास मोकळीक हा प्रकारच त्यात बसवलेला नाही. तुम्ही मागताय ते फार महाग नाहीये, पण ते आरोग्याच्या डोक्यावर की समाजकल्याणच्या की महापालिकेच्या, यातच फाईल फिरत राहील.

तोपर्यंत फोनवर तरी बोला. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलतात, पेशंटसाठीच पाहिजे असं नाही, सांभाळणाऱ्यानं स्वतःसाठी केला तरी चालतो. आणि गोळ्या जनऔषधीत बघा, डोनेपेझिल (अल्झायमरची नेहमीची गोळी) बऱ्याच स्वस्तात पडेल.

वकिलीण_सात_रस्ता
उशिरा आले पण एक अत्यंत महत्त्वाचं राहिलंय. बँक आणि सह्या.

लोक आजार कळल्यावर मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) करून निर्धास्त होतात. लिहून देणारा भानावर नसला की ते मुखत्यारपत्र कायद्यानं संपतं, आणि नेमकं तेव्हाच ते लागतं. त्यामुळं आजार सुरुवातीचा असेल, समजत असेल, तर आत्ताच पेन्शनचं खातं जॉइंट करा, नॉमिनी लावा, मृत्युपत्र करायचं तर डॉक्टरांच्या दाखल्यासह करा. पुढं गेलं की कोर्टाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. ऑटिझम, मतिमंदत्व यांना नॅशनल ट्रस्टचा कायदा आहे, तिथं काम जिल्ह्यातच होतं, डिमेन्शिया त्यात नाही, म्हणून लोकांना हायकोर्टात जावं लागतं. त्यातल्या त्यात बरं म्हणजे १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय आणि सोलापूर त्यात येतं, मुंबईची फेरी वाचली.

सही जुळत नाही पण माणसाला समजतंय, अशा वेळी रिझर्व्ह बँकेचं म्हणणं स्पष्ट आहे: अंगठा घ्या, दोन साक्षीदार, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. सत्तरीच्या पुढच्यांना घरपोच सेवेचंही सांगून ठेवलंय. बँक नाही म्हणाली तर लेखी द्या म्हणा, बहुतेक वेळा तिथंच प्रश्न सुटतो.

पूर्वभाग_अण्णा
मॅडम हे आधी कळलं असतं तर! एका बँकेत आईला रिक्षातून उचलून न्यायला लावलं, मॅनेजर खाली उतरून बघायलापण आला नाही. हयातीच्या दाखल्याचं पण सांगून ठेवतो, मोबाईलवर चेहरा दाखवून होतो आता, पण "डोळे मिचकवा" म्हटलं तर आई हसते नुसती. पोस्टमन घरी येऊन अंगठ्यावर करून देतो, तेच बरं. ऐंशीच्या पुढं असेल तर १ ऑक्टोबरपासूनच करता येतं सरकारी पेन्शनवाल्यांना.

जुळे_सोलापूरची_सून
सगळ्यांचे आभार, एवढं तर मला दोन वर्षात कुणी सांगितलं नव्हतं. आता करूलालेय ते असं: या आठवड्यात स्वावलंबनवर अर्ज, नवऱ्याच्या सीएला टॅक्सचं विचारायचं, मामंजींना अजून सही जमते तोवर खातं जॉइंट. आणि विरंगुळा केंद्राच्या दुपारच्या खोलीसाठी महापालिकेला अर्ज लिहिते, एकटीच्या सहीनं काय होणार नाही, जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड भागात अजून कुणाच्या घरी असं माणूस असेल तर मेसेज करा, आपण सगळ्या मिळून देऊ. पुरुष पण चालतील 🙂

गड्ड्यावरचा_भटक्या
मी होटगी रोडला. घरात पेशंट नाही पण सही करतो. आमच्या नगरसेवकाकडं न्यायचं काम माझ्याकडं द्या, तो माझ्या वर्गातला आहे.

वकिलीण_सात_रस्ता
अर्जाचा मसुदा मला पाठवा, २०१६ च्या कायद्याचं कलम टाकून देते. नुसती विनंती म्हणून दिला तर आवक नंबर पडून तिथंच राहील.

शेंगा_चटणी
आमच्याकडं बाबांची कमोड खुर्ची आहे, चांगल्या कंडिशनमध्ये, आता लागत नाही. अशोक चौकातून कुणी घेऊन जाणार असेल तर सांगा, पैसे नकोत.

पूर्वभाग_अण्णा
मी जवळच आहे, येऊलालो संध्याकाळी. मेसेजमध्ये पत्ता टाका.